क्लाउडचे सिक्युरिटी लॉग चाळताना या चुका टाळा

दर सहा महिन्यांनी टीममध्ये कोणीतरी नवीन येतं आणि आठवड्याभरात मला तोच स्क्रीनशॉट पाठवतं. ॲमेझॉनच्या क्लाउडमधला (एडब्ल्यूएस) व्हीपीसी फ्लो लॉग, म्हणजे नेटवर्कवर कोण कोणाशी बोललं याची नोंद, पोर्ट २२ (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं दार), हजारोंनी ‘रिजेक्ट’, लालभडक आलेख आणि खाली मेसेज: ‘सर, आपल्यावर अटॅक चालू आहे.’ अरे बाबा, अटॅक नाही, इंटरनेट चालू आहे. पब्लिक आयपी घेतला की थोड्याच वेळात जगभरचे बॉट दार वाजवायला लागतात. ‘रिजेक्ट’चा अर्थ एवढाच की कडी लागलेली होती. त्यावर अलर्ट लावणं म्हणजे वॉचमनने गेटवरून परत पाठवलेल्या प्रत्येक सेल्समनसाठी सोसायटीची मीटिंग बोलावणं.

बघायचं असेल तर ‘ॲक्सेप्ट’ बघा, तेही आतून बाहेर जाणारं. जो डेटाबेस सर्व्हर कधीच बाहेर बोलत नाही, तो काल रात्री एका नव्या पत्त्यावर किती बाइट पाठवून बसला, हा प्रश्न आहे. आणि फ्लो लॉगकडून नसत्या अपेक्षा ठेवू नका. डेटाच्या पाकिटात (पॅकेटमध्ये) काय होतं ते तो सांगत नाही, आणि डिफॉल्टला १० मिनिटांची बेरीज करून देतो. सेटिंग बदलून १ मिनिटावर आणता येतं, तरी ‘लाइव्ह’ म्हणावं असं ते नाही. ॲमेझॉनच्या डीएनएस सर्व्हरला (जो नावावरून पत्ता शोधून देतो) विचारलेले प्रश्न त्यात येतच नाहीत. त्यासाठी त्या सर्व्हरचे, म्हणजे रिझॉल्व्हरचे, क्वेरी लॉग वेगळे चालू करावे लागतात, आणि ते चालू आहेत का असं विचारलं की निम्म्या टीम एकमेकांकडे बघतात.

चाळण कुठे लावायची

ही माझी दुखरी नस आहे, म्हणून जरा सविस्तर.

एका जुन्या नोकरीत लॉग शोधण्याचं टूल जीबीच्या हिशेबाने पैसे घ्यायचं. एका तिमाहीला बिल फुगलं आणि वरून निरोप आला की कमी करा. कोणीतरी पाहिलं, की क्लाउडट्रेलमधले (खात्यात कोणी काय केलं याची नोंद ठेवणारी सेवा) बहुतेक इव्हेंट नुसते वाचण्याचे असतात: गेट, लिस्ट, डिस्क्राइब. कोणी काही बदललंच नाही तर कशाला ठेवायचं? म्हणून ट्रेलच, म्हणजे नोंदी साठवण्याचं सेटिंगच, ‘फक्त राइट’वर (फक्त बदल करणाऱ्या इव्हेंटवर) टाकला. कागदावर तर्क बरोबर होता. तो बदल मंजूर केला मी.

चारेक महिन्यांनी ॲमेझॉनच्या साओ पावलो रिजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरमध्ये), जिथे आमचं काहीही नव्हतं, महागडी जीपीयू मशिनं धडधडत असलेली सापडली. एका जुन्या बिल्ड सर्व्हरची ॲक्सेस की (पासवर्डसारखी किल्ली) फुटली होती, म्हणजे परक्याच्या हाती लागली होती. मशिनं कधी सुरू झाली ते ट्रेलमध्ये होतं, कारण तो राइट इव्हेंट. पण की फुटली कधी? चोर आत शिरल्यावर सहसा पहिल्यांदा ‘मी कोण आहे’ हे विचारतो, म्हणजे गेट-कॉलर-आयडेंटिटी. मग बकेटची (फाइली ठेवायच्या कप्प्यांची) यादी, मशिनची यादी, कोणाला काय परवानगी आहे. घर फोडण्याआधी घर बघून जाणं हे सगळं वाचण्यातच येतं, आणि तेच आम्ही टाकून दिलं होतं.

क्लाउडट्रेलची इव्हेंट हिस्टरी ९० दिवसांची फुकट मिळते, ट्रेल कसाही असला तरी. तिथे धावलो. हाती लागलेल्या सर्वांत जुन्या दिवशीही तो परका आयपी आरामात फिरत होता. त्याच्या आधी किती, ते कळायला मार्ग नव्हता. एस-थ्रीमधल्या (या बकेट जिथे असतात त्या साठवण सेवेतल्या) फाइली कोणी उघडल्या हे डेटा इव्हेंटमध्ये येतं. ते डिफॉल्टला बंद असतात, आम्हीही कधी चालू केले नव्हते. ग्राहकाने विचारलं, नेमकं काय गेलं? उत्तर होतं, सांगता येत नाही. म्हणजेच, सगळं गेलं असं धरून चाला. तीन रात्री नुसत्या ॲक्सेस की बदलत बसलो.

यातली खरी गंमत पुढे आहे. मॅनेजमेंट इव्हेंटची, म्हणजे वरच्या याद्या मागणं, मशिन सुरू करणं अशा कारभाराच्या नोंदींची, पहिली प्रत बकेटमध्ये टाकायला क्लाउडट्रेल पैसेच घेत नाही. खर्च होता तो शोधायच्या टूलचा. चाळण त्या टूलच्या तोंडाशी लावली असती तरी बिल तेवढंच उतरलं असतं, आणि मूळ लॉग बकेटमध्ये पडून राहिले असते, किरकोळ साठवणखर्चात. आम्ही नळ बंद करायचा सोडून विहीर बुजवली.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक खात्यात मॅनेजमेंट इव्हेंट सगळेच्या सगळे, शिवाय महत्त्वाच्या बकेटचे डेटा इव्हेंट, एका वेगळ्या लॉग खात्यात जातात. बकेटला ऑब्जेक्ट लॉक (लॉग कोणाला पुसता येऊ नयेत म्हणून), जुना माल ग्लेशियर या स्वस्त साठवणीत. त्यातलं निवडक शोधायच्या टूलमध्ये, आणि त्यातलंही अगदी मूठभर फोन वाजवतं. काय टाकायचं ते ‘दाखवण्या’च्या पायरीवर ठरवा. भारतात काम करत असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेतच: लॉग १८० दिवस ठेवा आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा. अर्धे लॉग गाळून बसलेली टीम त्या ६ तासांत काय कळवणार, ते मला विचारा.

आवाज बंद करण्याची घाई

गार्डड्यूटीत (लॉग तपासून धोक्याचे अलर्ट देणारी ॲमेझॉनची सेवा) एक अलर्ट चारदा आला की बोट सप्रेशन नियमाकडे, म्हणजे अलर्ट दाबून टाकण्याकडे, जातं. एकाने आमच्याच व्हल्नरेबिलिटी स्कॅनरचे (कच्चे दुवे शोधणाऱ्या टूलचे) पोर्टस्कॅनचे, म्हणजे उघडी दारं चाचपण्याचे, अलर्ट दाबायला नियम लिहिला, पण अट एकच टाकली: अलर्टचा प्रकार. कुठलं मशिन, ते लिहायचा कंटाळा. सुक्याबरोबर ओलंही जळालं. त्यानंतर कुठलंही मशिन पोर्टस्कॅन करायला लागलं तरी आम्ही बहिरे. दाबलेला अलर्ट थेट आर्काइव्हमध्ये जातो आणि इव्हेंटब्रिजकडे (अलर्ट पुढे पोचवणाऱ्या सेवेकडे) पाठवलाच जात नाही, त्यामुळे चॅटवर, फोनवर, कुठेच काही वाजत नाही.

माझी सवय अशी: प्रकार, मशिनचा टॅग, कोणी आणि का लिहिलं, आणि संपण्याची तारीख. गार्डड्यूटीत तारखेची सोय नाही, म्हणून वहीत. हो, वहीत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती उघडतो आणि तारीख उलटलेले नियम काढून टाकतो. कोणाला खरंच हवा असेल तर तो ओरडत येतो. बहुतेक वेळा कोणी येत नाही.

सिव्हिरिटीचा (गांभीर्याचा) आकडा म्हणजे देववाणी नव्हे

गार्डड्यूटी ७ ते ८.९ ला ‘हाय’ म्हणतं, ९ पासून पुढे ‘क्रिटिकल’. पण तिला तुमचं पगाराचं खातं कोणतं आणि इंटर्नचं खेळायचं खातं कोणतं, ते माहीत नसतं. खेळण्याच्या खात्यातला ८ थांबू शकतो, पगाराच्या खात्यातला ४ थांबत नाही. त्यासाठी आधी टॅग नीट लावावे लागतात. ते कंटाळवाणं काम असतं, म्हणून लोक त्याऐवजी गिटहबवरून तीनशे नियमांचा गठ्ठा उतरवून घेतात आणि दुसऱ्या आठवड्यात सगळे म्यूट करतात.

अलर्ट वाजणं आणि कोणी उठणं यात अंतर असतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत हेच झालं. मालवेअरचा इशारा टूलने दिला, बंगळुरूच्या टीमने तो पाहून मिनियापोलिसला कळवला, आणि तिथे तो बसून राहिला. ४ कोटी कार्डांची माहिती गेली.

आणि हे किरकोळ, पण रोजचे

लॉगमधली वेळ यूटीसी असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ‘रात्री १२ ते ५ मधलं लॉगिन संशयास्पद’ असा नियम तसाच लावलात तर तो आपल्याकडे पहाटे साडेपाच ते सकाळी साडेदहा चालतो, म्हणजे अख्खं ऑफिस चहा घेऊन लॉगिन करतं तेव्हा.

मुंबई रिजनमध्ये नियम लावून आयएएमच्या (युजर आणि परवानग्यांच्या) इव्हेंटची वाट बघत बसू नका. ते व्हर्जिनियात नोंदवले जातात, नियमही तिथेच हवा.

ट्रेल थांबवणं, ट्रेल पुसणं, गार्डड्यूटीचा डिटेक्टर काढणं: यांना कसलंही फिल्टर नाही.

बकेटचे ॲक्सेस लॉग त्याच बकेटमध्ये टाकू नका. लॉगचा लॉग, त्याचा लॉग, आणि महिनाअखेरीस बिल.

क्लाउडवॉच या सेवेतल्या लॉग ग्रुपला (लॉगच्या गठ्ठ्याला) मुदत द्या. डिफॉल्टला ते कधीच पुसले जात नाहीत.

अलर्ट ग्रुप मेलवर पाठवू नका. तो सगळ्यांना जातो आणि कोणीच वाचत नाही.

शेवटचं म्हणजे स्वतः वाजवून बघा. मी महिन्यातून एकदा, कोणाला न सांगता, टेस्ट खात्यात एका खोट्या युजरची नवीन ॲक्सेस की काढतो आणि घड्याळ लावून बसतो. क्लाउडट्रेलला थोडा वेळ लागतोच, तेवढी सूट देतो. गेल्या खेपेला अकराव्या मिनिटाला फोन वाजला. मार्चमध्ये नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा.