दोन लांबच्या शहरांमधलं हवाई अंतर आणि वेळ कशी काढावी

सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. मी वर्षभर तेच करत होते आणि दर वेळी अंतर चुकत होतं. आता माझ्याकडे ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा आहे.

टोकियो आणि लॉस एंजेलिस घ्या. दोन्हींमध्ये दोरा ताणून धरा. तो आपोआप उत्तरेकडे, अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांच्या बाजूला सरकतो. हाच सगळ्यात जवळचा मार्ग! पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किमी, म्हणून माझ्या गोलावर १ सेंमी म्हणजे साधारण ४२५ किमी. दोरा पावणेएकवीस सेंमी भरतो; अंतर झालं सुमारे ८,८०० किमी.

जेट विमानाचा वेग ताशी ९०० किमीच्या आसपास धरा. पावणेदहा तास आले, त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा.

मग वारा. उंचावरचा जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे अमेरिकेकडे जाताना साधारण दहा तास, परतताना साडेअकराच्या पुढे. परतीचं नियोजन करताना हे विसरूच नका.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, त्यांची थेट वजाबाकी करू नका. दोन्ही आधी यूटीसीत, म्हणजे जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत आणा. टोकियोतून हिवाळ्यात संध्याकाळी ५ ला निघालात, म्हणजे यूटीसी सकाळचे ८. दहा तासांनी संध्याकाळचे ६. लॉस एंजेलिस यूटीसीच्या ८ तास मागे, म्हणून तिथे सकाळचे १०, आणि तारीख तीच!