गावातली काजू बी गावातच फोडायची असेल तर कुठून सुरुवात करायची

मे २०२० मध्ये आमच्या वाडीतल्या शाळेत मुंबईवरून आलेले चाकरमानी क्वारंटाइन होते, रोज बाईकने गोव्याला कामाला जाणारी पोरं पत्रादेवीचा नाका बंद म्हणून घरी बसलेली, आणि ऐन सीझनात लॉकडाऊन लागून भाव पडल्यामुळे घराघरात काजू बी पोत्यात पडून होती. माणसं घरात, माल घरात, आणि काम कुणालाच नाही. पुढे लॉकडाऊन उठला पण काम काही एकदम परत आलं नाही, कुणाला अर्ध्या पगारावर बोलावलं, कुणाला बोलावलंच नाही, असं दीड-दोन वर्षं चाललं. त्याच काळात आम्ही दहा बायकांचा एक गट आणि परत आलेली तीन पोरं मिळून काजू फोडायला लागलो. सिंधुदुर्गात, आजऱ्यात, चंदगडात बऱ्याच जणांच्या डोक्यात हा विचार असतो म्हणून आम्हाला जे कळलं ते सगळं इथे लिहितेय.

पहिलं काम म्हणजे मशीन बघायला जाऊ नका. एक वही घ्या आणि एका रविवारी दोघी-तिघींनी घरोघर फिरा. प्रत्येक घरात विचारायचं, यंदा बी किती झाली, कुणाला दिली, काय भावाने दिली, पैसे कधी मिळाले. आणि घरात काम हवंय असं कोण आहे, दिवसातले किती तास येऊ शकेल, कुणाला काय येतं. आम्हाला त्या वहीतूनच कळलं की कुडाळच्या वर्कशॉपमध्ये सहा वर्षं काढलेला एक पोरगा वाडीतच बसून आहे, आज बॉयलर आणि ड्रायर तोच सांभाळतो. आणि हेही कळलं की बायकांना काम हवंय पण सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर नको, शिवाय एसटीने जायचं असेल तर नकोच. म्हणून शेड रस्त्याला न बांधता वाडीतच केली. रस्त्यावर असती तर टेम्पोला बरी पडली असती, पण बायका आल्या नसत्या.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवा होता. सगळे मशीनच्या सबसिडीमागे धावतात. पण गावात किती जणांना किती दिवस काम मिळणार हे मशीन ठरवत नाही, गोडाऊनमध्ये बी किती आहे ते ठरवतं. काजूचा सीझन मार्च ते मे. वर्षभर काम द्यायचं तर वर्षभराची बी त्या तीन महिन्यात विकत घेऊन ठेवावी लागते. हिशोब बघा, दिवसाला १०० किलो बी फोडायची म्हटली तर आमच्याकडे आठ-दहा जणींना काम मिळतं. वर्षाचे २५० दिवस धरले तर २५ टन बी लागते. किलोला १२० रुपये भाव धरला तर झाले ३० लाख! आमचा बॉयलर, कटिंग मशीन, ड्रायर हे सगळं मिळून सहा लाखाच्या आत बसलं होतं. आणि पहिल्या वर्षी बी घ्यायला हातात उरले होते जेमतेम सहा लाख, म्हणजे ५ टन, म्हणजे ५० दिवस. एकावन्नाव्या दिवशी मशीन झाकून ठेवलं आणि बायका परत घरी. त्या दिवशी शेडला कुलूप लावताना मला फार लागलं, कारण मीच घरोघर जाऊन त्यांना या म्हणून सांगितलं होतं.

तेव्हा बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट बनवताना खेळत्या भांडवलाचा, म्हणजे बी घ्यायच्या पैशाचा आकडा आधी लिहा, मशीनचा नंतर. बँकेत मशीनसाठीच्या टर्म लोनबरोबर कॅश क्रेडिट, म्हणजे माल घ्यायला लागेल तशी उचलायची रक्कम, पण मागा, मागितल्याशिवाय कुणी आपणहून देत नाही. २०२० मध्ये केंद्राची पीएमएफएमई योजना आली, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगाला ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, निदान १० टक्के आपले घालायचे आणि बाकी बँकेचं कर्ज. पण त्याच योजनेत बचत गटाच्या प्रत्येक सदस्याला ४० हजारापर्यंत बीज भांडवल आहे, खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी, हे पुष्कळांना माहीतच नसतं. दहा जणींचा गट असेल तर ४ लाख होतात. सध्या अर्ज घेतात का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा, बीज भांडवलासाठी उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या माणसाला भेटा. अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते, तिचं मानधन सरकार देतं, आपण एक रुपया द्यायचा नसतो. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, पण फुकट आहे, आधार घेऊन बसलं की दहा मिनिटात होतं. आमच्याकडून एकाने त्याचे दीड हजार घेतले होते, तुम्ही देऊ नका.

दुसरा रस्ता शेतकऱ्याच्या बाजूने आहे आणि मला तो जास्त आवडतो. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून चालू आहे आणि त्यात काजू बी पण बसते. शेतकरी आपली बी बाजार समितीच्या गोडाऊनला ठेवतो, किमतीच्या ७५ टक्के रक्कम त्याला लगेच मिळते, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजाने. फक्त शेतकऱ्याच्या मालाला मिळतं, व्यापाऱ्याच्या नाही. याचा फायदा असा की पावसाच्या तोंडावर पैसे हवेत म्हणून शेतकरी पडेल भावाला बी विकत नाही, आणि आपल्याला पण सगळी बी मे महिन्यातच उचलावी लागत नाही, ऑगस्ट-सप्टेंबरला थोडी थोडी घेता येते. मात्र आपल्या बाजार समितीत ही योजना खरंच राबवतात का आणि गोडाऊन कोरडं आहे का हे जानेवारीतच जाऊन बघून या, एप्रिलमध्ये विचारून उपयोग नाही.

आता कामाबद्दल. बी दोन-तीन दिवस कडक उन्हात सुकवायची, वाफ द्यायची, रात्रभर थंड व्हायला ठेवायची, दुसऱ्या दिवशी कटिंग, मग गर ड्रायरला, मग साल काढणं, मग ग्रेडिंग. साधारण ४ किलो बीमधून १ किलो गर निघतो. पैसे कुठे मिळतात तर अखंड गरात. तुकडा आणि पाकळी, म्हणजे उभे दोन भाग झालेला गर, यांचा भाव एकदम खाली येतो. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पाउंडात ३०० ते ३२० अखंड गर, हे नंबर बायकांना पहिल्या दिवसापासून शिकवा, भाव कशावर ठरतो ते त्यांना माहीत पाहिजे. आम्ही सुरुवातीला कटिंगचे पैसे किलोवर दिले आणि सगळ्यांनी भराभर हात चालवला, तुकडाच तुकडा झाला. नंतर रोजंदारी ठरवली आणि वर अखंड गराच्या किलोमागे जादा पैसे, तेव्हापासून फरक पडला. आमच्यातली एक वहिनी बी पायाच्या मशीनला लावायच्या आधी बोटाने एकदा फिरवून तिची कड बघते, अर्ध्या सेकंदाचं काम, पण तिच्या टोपलीत तुकडा सगळ्यात कमी असतो. नवीन बाईला मी आठवडाभर तिच्या शेजारीच बसवते.

हातमोज्यांवर कंजूषी करू नका. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडं काळं पडून सोलवटतं, फोड येतात. आपल्याकडे राख किंवा खोबरेल लावून बसायची सवय आहे, पण तेवढ्याने भागत नाही. हात जळालेली बाई चार दिवस भाकरी थापू शकत नाही, मग घरातलेच म्हणतात नको जाऊस कामाला.

विक्रीत एकदा चांगलाच फटका बसला तेही सांगते. एका मोठ्या खरेदीदाराने दिवाळीचा माल उचलला आणि पैसे मार्चपर्यंत लटकवले, म्हणजे नेमकी बी घ्यायच्या वेळेला हात रिकामे. तेव्हा आम्हाला कायदा माहीत नव्हता. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसात, नसेल तर १५ दिवसात पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. शिवाय एप्रिल २०२४ पासून या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये दाखवता येतो, आधी नाही, त्याच्या सीएला हे बरोबर कळतं. म्हणून उद्यम नंबर बिलावर छापाच. आणि शेतकऱ्याकडून कच्ची बी घेतली की जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, आपल्याला भरावा लागू शकतो, हे आपल्या सीएला आधीच विचारून ठेवा.

सगळा माल एकाला देऊ नका. निम्मा होलसेलला, निम्मा पाव-पाव किलोच्या पाकिटात. आमची जास्तीत जास्त पाकिटं गणपतीला आलेले चाकरमानीच परत जाताना नेतात, मुंबईत सोसायटीत वाटतात आणि मग फोनवर ऑर्डर येते. वेंगुर्ला काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, तशीच पाकिटावर छापू नका.

बोंडूचं, म्हणजे काजूच्या फळाचं मात्र आम्हाला अजून जमलेलं नाही. सीमेपलीकडे गोव्यात त्याची फेणी होते आणि आपल्याकडे झाडाखाली कुजतो, बघून जीव हळहळतो. पण तो एका दिवसात खराब होतो, त्याला वेगळी यंत्रणा लागते, पहिल्या दोन वर्षांत त्याच्या वाटेला जाऊ नका.

यंदा आमची १४ टन बी झाली, म्हणजे १४० दिवस. गणपतीपर्यंत शेड चालू असते, त्यानंतर कधी चालू कधी बंद. परत आलेल्या तिघांपैकी एकजण २०२२ ला पुन्हा मुंबईला गेला, त्याला वर्षभराचा पगार हवा होता आणि तो आम्ही देऊ शकत नव्हतो. पुढच्या सीझनला २० टनाचं ठरवलंय, कॅश क्रेडिट वाढवायचा अर्ज बँकेत दिलाय. तुम्ही यंदा सुरू करणार असाल तर वही घेऊन डिसेंबरात फिरा, जानेवारीत बँक आणि बाजार समिती, फेब्रुवारीत शेडचे पत्रे गळत नाहीत ना ते बघा आणि पोत्यांखाली घालायला लाकडी फळ्या करून घ्या, कारण मार्चमध्ये बी यायला लागली की दुसऱ्या कशाला वेळ मिळत नाही.