क्लाउडसाठी माणूस नेमताना या चुका टाळा

क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेले सर्व्हर, आणि एडब्ल्यूएस ही ॲमेझॉनची तशी सेवा. ‘एडब्ल्यूएस येतं का?’ एवढंच विचारून जळगाव-धुळ्यात माणसं नेमली जातात. समोरचा ‘येतं’च म्हणणार. ‘नाही’ म्हणायला तो काय खुळा आहे?

त्यापेक्षा मी मागच्या महिन्याचं बिल त्याच्यापुढे सरकवतो. ‘हा टेस्टिंगचा सर्व्हर महिनाभर बंद होता, मग पैसे कशाचे लागले?’ काम केलेला माणूस लगेच सांगतो: ईसी-टू (एडब्ल्यूएसचा भाड्याचा सर्व्हर) थांबवलं की मशीनचं भाडं थांबतं, पण जोडलेल्या डिस्कचं चालूच राहतं. राखून ठेवलेला पब्लिक आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) असेल तर त्याचेही तासाला अर्धा सेंट लागतात. फेब्रुवारी 2024 पासून तर वापरात असलेल्या पब्लिक आयपीलाही तोच दर आहे. ज्यानं फक्त व्हिडिओ पाहिलेत, तो इथे ‘सर, बघावं लागेल’वर येतो.

सर्टिफिकेटला भुलू नका. एडब्ल्यूएसची क्लाउड प्रॅक्टिशनर ही सुरुवातीची परीक्षा म्हणजे 90 मिनिटांत 65 प्रश्न, उत्तरं फक्त दिलेल्या पर्यायांतून निवडायची. एकही सर्व्हर उभा करावा लागत नाही. आठ दिवसांत क्लाउड इंजिनिअर करणारे क्लास याच जोरावर चालतात.

पण सगळ्यांत वाईट खोड म्हणजे नव्या पोराच्या ईमेलवर खातं उघडणं. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं असंच झालं. गाड्यांची वजनं, शेतकऱ्यांचे हिशेब, सगळं एका सर्व्हरवर. पोरगं कामाचं होतं, पण घाईत खात्याला स्वतःचा जीमेल दिला, एमएफएचा (पासवर्डनंतर लागणारा दुसरा) कोडही त्याच्याच मोबाइलमध्ये. कार्ड तेवढं शेठचं. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला. बागा कापणीला आलेल्या आणि इकडे डिस्क भरून सॉफ्टवेअर ठप्प. लॉगिन कुणाकडेच नाही. सपोर्टवाले खात्याच्या ईमेलवरूनच बोला म्हणतात. शेठ एकच धरून बसले, ‘पैसे तं माह्या कार्डातून जाता ना भो!’ पोराचा पत्ता लागेपर्यंत काटापावत्या हातानं लिहिल्या, आणि त्या हिशेबाची भांडणं पुढे बरीच चालली.

खातं फर्मच्या ईमेलवरच उघडा. रूटचा (खात्याच्या मुख्य लॉगिनचा) पासवर्ड आणि एमएफए मालकाकडे. कामाच्या माणसाला आयएएममधून (खात्यातली यूजर आणि परवानग्यांची सोय) वेगळा यूजर द्यायचा, सोडून गेला की त्याच दिवशी बंद. याला पाच मिनिटं लागतात, तरी लोक कंटाळा करतात.

बॅकअप घेता का, हे विचारू नका. शेवटचा रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणणं, कधी करून पाहिला ते विचारा.

पोर्ट 22 (सर्व्हरमध्ये दुरून लॉगिन करायची वाट) साऱ्या जगाला उघडा ठेवून ‘नंतर बंद करू’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

अझ्युअरवर (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) काम केलेल्याला एडब्ल्यूएस येत नाही म्हणून नाकारू नका. नेटवर्क आणि परवानग्या पक्क्या असतील तर बटणं कुठे आहेत ते तो शोधून काढतो.

आणि जाहिरातीत सर्व्हर, डेटाबेस, वेबसाइट, टॅली, वर प्रिंटरची शाईही एकाच माणसाच्या गळ्यात टाकली, तर अर्ज फक्त नाइलाज असलेल्यांचेच येतील.