नळदुर्गच्या चिखलातला शर्मन: हेअरस्प्रे, ऑइल कलर आणि आपली काळी माती

रणगाड्याचं मॉडेल रंगवायला बसायच्या आधी एक ठरवून टाका, हा रणगाडा कुठं चाललाय आणि कोणत्या महिन्यात. बरेच जण हे ठरवतच नाहीत, मग एकाच मॉडेलवर वाळवंटातली धूळ, रशियातला चिखल आणि भंगारातला गंज असं सगळं एकदम दिसतं. आपण मराठवाड्यातलेच, तर प्रसंग पण घरचाच घेऊ. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्यानं निजामाच्या हद्दीत शिरली. त्या काळी आपल्या सैन्याकडं शर्मन आणि स्टुअर्ट रणगाडे होते. म्हणजे १/३५ स्केलचा (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) शर्मन, भाद्रपदातला पाऊस आणि काळी माती, बास, एवढं पक्कं झालं की निम्मं काम झालं.

नवीन काही करायचं तर थेट मॉडेलवर करू नका, जुन्या किटचे उरलेले पार्ट नाहीतर प्लास्टिकच्या डब्याचं झाकण घ्या, त्यावर प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) मारा आणि सगळे प्रयोग आधी तिथं करा.

पहिलं काम रंगाचे टवके. यासाठी हेअरस्प्रे भारी, साधा घरातला चालतो. प्रायमरवर गडद तपकिरी रंग द्या, पूर्ण वाळू द्या, मग हेअरस्प्रेचे दोन हलके हात मारा. तो वाळला की वरून ऑलिव्ह रंग, पण ॲक्रिलिकच आणि शक्यतो पाण्यानं पातळ केलेला, कारण लॅकर थिनर घातला की थर इतका घट्ट बसतो की नंतर निघता निघत नाही. ऑलिव्ह विकतच आणायला पाहिजे असं काही नाही, पिवळ्यात थोडा थोडा काळा घालत गेलं की जवळपास तोच हिरवट रंग येतो. अर्ध्या तासानं कोमट पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं तेवढी जागा ओली करा, थोडं थांबा, मग आखूड ताठ केसांच्या ब्रशनं हळू घासा. पाणी आत झिरपून खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग टवक्याटवक्यानं सुटतो. रंग रात्रभर तसाच ठेवला तर तो सुटायला लई जड जातो, म्हणून हे एका बैठकीतच उरका. आणि हो, हेअरस्प्रे लगेच पेट घेतो, तर गॅस, उदबत्ती काही जवळ नको, खिडकी उघडी ठेवा.

टवके कुठं काढायचे हे जास्त महत्त्वाचं. जिथं माणसाचे बूट आणि हात लागतात तिथं, म्हणजे हॅचची (आत शिरायच्या झाकणाची) कड, चढायची जागा, फेंडरचे (चाकांवरच्या पत्र्याचे) कोपरे. बारीक टवक्यांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडून गडद रंगात बुडवा, कागदावर टिपून जवळपास कोरडा करा आणि नुसता टेकवत जा. जाड चिलखतावर नारिंगी गंज दाखवायचा मोह होतो, पण चालू वापरातल्या रणगाड्यावर तो शोभत नाही, गंज सायलेन्सर आणि पातळ पत्र्यापुरताच ठेवा.

आता वार्निशचा एक हात द्या, नाहीतर पुढचं टर्पेंटाइन खालचा रंग उचलू शकतं. मग चित्रकलेचे ऑइल कलर. पुठ्ठ्यावर थोडे काढून ठेवा, पुठ्ठा त्यातलं तेल पिऊन घेतो आणि रंग मॅट वाळतो. यलो ओकर (मातकट पिवळा), पांढरा, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), निळा असे बारीक ठिपके द्या, टर्पेंटाइननं जेमतेम ओला केलेला चपटा ब्रश वरून खाली ओढा, पावसाचं पाणी उतरतं त्याच दिशेनं. ठिपके जवळजवळ गायब व्हायला पाहिजेत, एकसुरी हिरव्यात नुसती छटा मागं राहिली पाहिजे. बर्न्ट अंबरचंच पातळ पाणी करून रिव्हेट आणि जोडांच्या कडेनं टेकवलं की सगळे बारकावे उठून दिसतात. हे वाळायला दिवस जातो, घाई नको.

शेवटी चिखल, आणि इथं आपल्याला बाहेरचं काहीच लागत नाही. शेतातली काळी माती तव्यावर भाजून कोरडी करा, कुटा, पातळ कापडातून गाळा. एवढ्या लहान स्केलला चहाच्या गाळणीतून पडलेला कण पण दगडासारखा दिसतो, पिठासारखीच पाहिजे. फेविकॉल, पाणी आणि थोडा लाकडाचा बारीक भुसा घाला. भुसा विसरू नका, काळी माती वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात रानात पडतात तशाच भेगा मॉडेलवर पडतात. कापलेला काथ्या मिसळला की गवत मुरलेला चिखल होतो. चाकांच्या मधे, हलच्या (रणगाड्याच्या मुख्य धडाच्या) खालच्या अंगाला आणि फेंडरच्या आतून हा भरपूर थापा, वर जाताना कमी करत न्या. वाळल्यावर तो राखाडी दिसेल, तर ताज्या चिखलाच्या जागी गडद रंग आणि वर ग्लॉस वार्निशचे थेंब द्या, बाकी तसाच राहू द्या. एकाच रणगाड्यावर ओला आणि सुका चिखल शेजारी शेजारी दिसला की तो खरा वाटतो.

ट्रॅकच्या (चाकांभोवतीच्या साखळी पट्ट्याच्या) ज्या लोखंडी कडा जमिनीला घासतात तिथं पेन्सिलीचं शिसं बोटानं चोळा, शर्मनच्या रबरी पॅडवर मात्र नको. शेवटी कोरडी मातीची पूड टाकली असेल तर त्यावर परत वार्निश मारू नका, ती गडद होते नाहीतर दिसेनाशीच होते. मॉडेल काचेच्या कपाटात ठेवा आणि खालून धरूनच उचला.