अनंताचे बी धरताना गर पुरता धुऊन काढावा

अनंताचे फळ फोडून बी तसेच वाळवले, तर त्याला चिकटून राहिलेल्या गरामुळे बुरशी धरते आणि पेरलेले बी उगवण्याऐवजी कुजते. फळ मुळात एकेरी पाकळ्यांच्या झाडालाच सहसा धरते, तेव्हा अशा झाडावरची काही फुले न खुडता राहू द्यावीत.

१. फळ हिरवे असताना तोडू नये. ते पूर्ण नारिंगी होऊन किंचित सुरकुतले की काढावे.

२. आतला केशरी, चिकट गर बियांसकट वाटीभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी चहाच्या गाळणीत बोटांनी हलकेच चोळावा आणि बोटांना बुळबुळीत लागेनासे होईपर्यंत पाणी बदलत राहावे. खरे काम हेच असल्याने येथे घाई करू नये. या गराचा पिवळा डाग कपड्यावरून सहजी जात नाही.

३. बी कागदावर पसरून आठवडाभर सावलीत वाळवावे, कागदी पुडीत बांधून त्यावर तारीख लिहावी आणि पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी.

पेरण्यापूर्वी बी एक दिवस कोमट पाण्यात भिजवून भुसभुशीत, ओलसर मातीवर पसरावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. कोंब दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून कुंडी लवकर रिकामी करू नये. फुलासाठी मात्र २-३ वर्षे धीर धरावा लागतो.

बी उन्हात कधीही वाळवू नये.