डीव्हीआरचं रेकॉर्डिंग फसतं कुठे? या चुका टाळा

"रेकॉर्डिंग लावलं होतं हो, पण झालंच नाही." पावसाळ्यात असे फोन सुरू झाले की संपत नाहीत. पुढचं वाक्यही ठरलेलं, "तेवढा बॉक्स बदलून द्या." रत्नागिरी जिल्ह्यात डीटीएचच्या छत्र्या बसवून मला पंधरा वर्षं झाली. बॉक्स, म्हणजे टीव्हीचे कार्यक्रम डिस्कवर टिपून ठेवणारा डीव्हीआर, खरोखर बिघडलेला क्वचितच निघतो. घोळ असतो तो छपरावर, भिंतीवरच्या बोर्डात, नाहीतर रिमोट धरणाऱ्या हातात.

पहिली चूक दुकानातच होते. दोन बॉक्स शेजारी ठेवले की गिऱ्हाईक विचारतं, "कशात जास्त तास मावतात?" खोक्यावर 500 तास लिहिलेलं असतं. ते साध्या एसडी चित्राचं गणित. एसडी वाहिनी सेकंदाला 2 मेगाबिटच्या आसपास घेते, म्हणजे तासाला साधारण 900 एमबी. एचडी वाहिनी 6-7 मेगाबिट घेत असेल तर तासाला तीन जीबी उडतात, आणि 500 जीबीच्या त्याच डिस्कमध्ये दीडशेच्या आसपास तास बसतात. तेवढे तरी कोण बघतं? माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत डिस्क जुन्या मालिकांनी गच्च भरलेली असते आणि हवं ते रेकॉर्डिंग जागा नाही म्हणून गळतं.

विचारायचं असेल तर ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारे भाग, किती ते विचारा. 2008 मध्ये टाटा स्काय प्लस आला, त्यात डिस्क आतच होती आणि ट्यूनर दोन होते. एक वाहिनी बघायची, दुसरी टिपायची. नंतर मागे यूएसबी लावून रेकॉर्ड करणारे स्वस्त बॉक्स आले. त्यांत बहुधा एकच ट्यूनर असतो, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना वाहिनी बदलली की संपलं. स्वस्त ते का स्वस्त, हे घेताना कोणी विचारत नाही आणि नंतर मला विचारतात.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. दोन ट्यूनरच्या बॉक्सला छपरावरून एकच वायर आणून खाली स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचे दोन फाटे करणारा तुकडा, लावणं.

एलएनबी म्हणजे छत्रीच्या तोंडाशी असलेलं ते डोकं. त्याला कोणत्या दिशेच्या लहरी घ्यायच्या हे बॉक्स त्याच वायरीतून व्होल्टेज पाठवून सांगतो. 13 व्होल्ट आले की उभ्या, 18 आले की आडव्या. निम्म्या वाहिन्या इकडे, निम्म्या तिकडे. दोन ट्यूनर एकाच वायरीवर बांधले आणि एकाने 13 मागितले, दुसऱ्याने 18, तर 18 जिंकतात. 13 वाल्याचा पडदा काळा. केबलवाल्याचा तीस रुपयांचा स्प्लिटर हे भांडण सोडवू शकत नाही.

लांजा तालुक्यातले एक आंबा बागायतदार काका. वायरिंग दुसऱ्या कोणीतरी केलेलं. तक्रार अशी की रेकॉर्डिंग कधी होतं, कधी होत नाही. मी गेलो, बातम्यांची वाहिनी लावली, दहा मिनिटं रेकॉर्ड केलं, वाजवून दाखवलं. एकदम साफ. चहा घेतला, आलो. आठवड्याने परत फोन. परत गेलो, परत तसंच तपासलं, परत साफ. काकांना छातीठोकपणे सांगितलं, "काही झालेलं नाही, तुमचंच बटण चुकत असेल."

पुढच्या महिन्यात सह्याद्रीवर शेतीच्या कार्यक्रमात खुद्द काकांची मुलाखत लागणार होती. माझ्या शब्दावर भरवसा ठेवून त्यांनी रेकॉर्डिंग लावलं आणि घरची सगळी मंडळी भावाच्या मोठ्या टीव्हीवर बघायला खालच्या वाडीत गेली. घरात राहिला नातू. त्याने कार्टून लावलं.

रेकॉर्डिंग मी स्वतः पाहिलं. चार मिनिटं स्वच्छ चित्र. पट्टीवर काकांचं नाव येतं, ते नमस्काराला हात जोडतात आणि तिथेच सगळं काळं. कार्टूनला 18 व्होल्ट लागत होते, सह्याद्रीला 13. माळ्यावर चढलो तर काळ्या टेपात गुंडाळलेला स्प्लिटर वाशाला टांगलेला. दोनदा त्याच घरात जाऊन मी माळ्यावर चढलो नव्हतो, कारण तपासताना मी नेहमी तीच वाहिनी बघत होतो जी रेकॉर्ड करत होतो. काका काही बोलले नाहीत. "असू दे रे," एवढंच म्हणाले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून माझी सवय: दोन आउटपुटची एलएनबी, दोन आरजी-6 वायरी (छत्रीला लागते ती जाड वायर), छपरापासून बॉक्सपर्यंत सांधा न देता. आणि तपासणी घर जसं वागतं तशी. एक वाहिनी रेकॉर्डला लावून वीस वाहिन्या भराभर बदलायच्या. मग बॉक्स रिमोटने झोपवायचा, अर्धा तास थांबायचं आणि मग वाजवून बघायचं. नव्या पोरांना हा अर्धा तास जड जातो. त्यांना सिग्नलची पट्टी हिरवी दिसली की पैसे घेऊन पुढचं घर गाठायचं असतं.

त्या पट्टीबद्दलही एक सांगतो. पट्ट्या दोन असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थमध्ये नुसता गोंगाटही मोजला जातो, त्यामुळे छत्री भलत्या उपग्रहाकडे वळली तरी ती भरलेली दिसते. बघायची क्वालिटी. आपल्याकडची डीटीएच सेवा केयू बँडवर चालते. त्या लहरी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, जोराच्या सरीत विरून जातात. जुन्या अँटेनावर मुंग्या यायच्या तरी आवाज चालू राहायचा. इथे चित्राचे चौकोन होतात आणि मग काहीच नाही. रेकॉर्डिंगला तेवढं भोक कायमचं. कोकणातल्या ढगफुटीला इलाज नाही, पण साध्या पावसात जातंय तर छत्री बोटभर सरकलेली असते किंवा पिनेत पाणी गेलेलं असतं. मी मे महिन्यातच क्वालिटी शेवटच्या टोकाला नेऊन नट आवळतो. वायरीला पिनेखाली झोल ठेवतो, म्हणजे पाणी पिनेकडे न जाता झोलातून ठिबकतं.

दुसरी लाडकी चूक आहे घरातल्या आजोबांची. रात्री दहाला बोर्डावरचं बटण बंद! वीज वाचते, रेकॉर्डिंग मरतं. आजोबांना समजावत बसू नका, मी स्वतः हरलो आहे. बॉक्सची पिन फ्रिजच्या मागच्या सॉकेटला लावा, तिथे त्यांचा हात जात नाही.

लाईट गेल्यावरची गोष्ट वेगळी. बहुतेक बॉक्स घड्याळाची वेळ उपग्रहाकडून घेतात. लाईट आली, बॉक्स उठला आणि नेमका धो धो पाऊस असेल तर त्याला किती वाजले तेच कळत नाही, मग लावलेलं रेकॉर्डिंग सुरू कसं होणार? घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर बदलाच्या क्षणी जो झटका बसतो, त्यात बॉक्स बंद पडून पुन्हा सुरू होतो.

यूएसबीवाल्यांसाठी: पेन ड्राइव्ह शक्यतो नको, स्वस्तातल्याचा लिहिण्याचा वेग मध्येच पडतो. लहान हार्ड डिस्क टिकटिक आवाज करून मध्येच थांबत असेल तर बॉक्सच्या पोर्टमधून तिला पुरेशी वीज मिळत नाही. वेगळ्या अडॅप्टरची डिस्क घ्या. आणि बॉक्स "फॉरमॅट करू का?" विचारतो तेव्हा ओके दाबण्याआधी आत काय आहे ते आठवा. एका घरात लग्नाचे सगळे फोटो असे गेले.

सामना लांबणार हे धरून शेवटी अर्धा तास जास्त लावा. मालिकेचा रविवारी महाएपिसोड असेल तर यादीतल्या वेळेवर विसंबू नका. फेब्रुवारी 2019 पासून वाहिन्या निवडून घ्यायची पद्धत आली, तेव्हापासून पॅक बदलला की वाहिनी जाते पण तिचं रोजचं रेकॉर्डिंग यादीत तसंच दिसत राहतं. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरअखेरीस काही दिवस सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो, दिवसा काही मिनिटं सिग्नल जातो. तेवढ्यासाठी मला बोलावू नका.

शेवटचं. रेकॉर्डिंग त्या बॉक्सलाच कुलूपबंद असतं. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर काही दिसत नाही, बॉक्स बदलला तर जुनं सगळं गेलं, आणि रिचार्ज संपला तर ते बरेचदा उघडतही नाही. जपायचं असेल ते त्याच आठवड्यात मोबाईल तिपाईवर ठेवून, पंखा बंद करून, पडद्यावरून टिपून घ्या. दिसायला गावठी, पण राहतं. लांज्याच्या काकांना हे मी किती वेळा सांगितलं. ते करत नाहीत आणि मला जुना बॉक्सही काढू देत नाहीत. त्यात ती चार मिनिटं आहेत.