हॉलमध्ये आवाज घुमतोय? खर्च करण्याआधी या चुका टाळा

मागच्या रांगांना शब्द कळत नाहीत अशी तक्रार आली की पहिला हात जातो तो अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाकडे. आवाज वाढवला की भिंतींवरून परतणाराही तेवढाच वाढतो, आणि आधीचा शब्द विरायच्या आत पुढचा त्यावर चढतो. त्यापेक्षा लहान स्पीकर श्रोत्यांच्या जवळ, त्यांच्याकडे रोखून लावा आणि आवाज कमी ठेवा.

दुसरी गल्लत म्हणजे ‘साउंडप्रूफ करून द्या’ असं सांगणं. बाहेरचा आवाज आत येणं वेगळं आणि आतला आवाज आत घुमणं वेगळं. रस्त्यावरची रहदारी ऐकू येत असेल तर भिंतीला फोम चिकटवून काही होणार नाही. तिथे जड दारं, जाड काच आणि बुजवलेल्या फटी लागतात. फोम, ग्लासवूल, रॉकवूल (काचेच्या आणि दगडाच्या तंतूंचे थर) हे घुमण्यावरचे उपाय.

पण सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते थोडंसं लावून बघण्यात. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानकक्षात आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. १८९५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी तिथे खुर्च्यांच्या गाद्या आणून मोजमापं सुरू केली. आवाज किती सेकंद रेंगाळेल हे सांगणारं, त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: खोलीचं घनफळ (घनमीटर) गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले तो आवाजाचा जेवढा हिस्सा शोषतो तो, अशी सगळ्यांची बेरीज).

समजा हॉल २० मीटर लांब, १२ रुंद, ५ उंच आहे. घनफळ १,२०० घनमीटर. प्लास्टर, फरशी, काच मिळून शोषण जेमतेम ४८ धरलं, तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज ४ सेकंद घुमणार. भाषणासाठी तो साधारण एका सेकंदाच्या आसपास हवा. आता १.२ बाय ०.६ मीटरची दहा ध्वनिशोषक पॅनेल लावली तर तो येतो ३.६ सेकंदांवर. कुणाला फरक जाणवतही नाही, आणि मग ‘पॅनेलचा काही उपयोग नसतो’ असा निष्कर्ष निघतो! १.२ सेकंद गाठायला चांगल्या प्रतीची सुमारे दीडशे चौरस मीटर पॅनेल लागतील. एवढी मोकळी जागा बहुधा छतालाच असते, म्हणून सुरुवात तिथून करा.

पातळ पडदे, गालिचे आणि (हे अजूनही लोक करतात) अंड्यांचे ट्रे मुख्यतः वरच्या पट्टीतला आवाज शोषतात. खर्जातली घूं-घूं तशीच राहते. ५० मिलिमीटर जाडीचं पॅनेल घ्या, आणि मागे तेवढीच पोकळी सोडली तर त्याच पॅनेलकडून खर्जातही जास्त काम होतं.

समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. ‘टर्रर्र’ असा थरथरता आवाज आला तर निदान एका भिंतीवर पॅनेल हवंच. सगळी पॅनेल मंचामागे सजावटीसारखी लावली तर हा दोष जात नाही.

गर्दीच्या जागेत साधा फोम लावू नका. तो झपाट्याने पेटतो आणि विषारी धूर सोडतो. अग्निरोधक प्रमाणपत्र मागून घ्या. छताच्या ध्वनिशोषक टाइल्सना पुढे कधी रंग द्यायचा झाला तर रंगाऱ्याला आधी सांगून ठेवा: ऑइलपेंटचा जाड हात बसला की छिद्रं बुजतात आणि टाइल पुन्हा प्लास्टरसारखी वागू लागते.